धुळा मेटकरींनी ऐकलेलं केंद्र

धुळाआबा मेटकरींना लोकांनी आजवर कमी नावं ठेवली नाहीत. शाळेत मेंढक्या म्हटलं, भावकीत येडा म्हटलं, नोकरीत रेडिओवाला म्हटलं, आणि घरात बायकोनं जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आबांनी सगळं हसण्यावारी नेलं. पण खोटारडा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तेवढंही होऊन गेलं, तेही मोबाइलवर आणि लाल रंगात.

सोलापूरच्या सात रस्त्यावर बसूच्या चहाच्या गाड्यापाशी उभे असताना मंडळाची यादी आली. हे मंडळ म्हणजे महाराष्ट्रभर विखुरलेली चाळीसेक माणसं. लांबलांबची रेडिओ केंद्रं पकडायची हा त्यांचा छंद, आणि वर्षाच्या शेवटी कुणी किती केंद्रं ऐकली त्याची यादी काढायची हा त्यांचा सण. आबांच्या नावावर एकशे बारा केंद्रं होती. त्यातलं एकशे बारावं लाल केलेलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, ‘पुरावा नाही. नोंद अविश्वसनीय. सभासदाने स्वतःहून मागे घ्यावी.’

आबांनी ते दोनदा वाचलं. मग मोबाइल बसूपुढे धरला. “बसू, ह्ये अविश्वसनीय म्हंजी काय रं?”

“इस्वास ठिवण्यासारकं न्हाई त्ये,” बसू दूध ओतता ओतता म्हणाला.

“म्हंजी खोटं?”

“आता शिकल्याली माणसं खोटं कशाला म्हणत्याल आबा? असं काय बाय लिवत्यात.”

आबांनी चहा तसाच ठेवला आणि घरचा रस्ता धरला. ज्यांना आबांचं चहाचं वेड ठाऊक आहे, त्यांना यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल.

आबा मूळचे सांगोला तालुक्यातले. पाऊस त्या गावाला पाहुण्यासारखा येतो, म्हणजे जेवायच्या आधीच निघून जातो. बापाची दीडशे मेंढरं. चारा संपला की सगळं बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि रान बदलायचं. संध्याकाळी मोकळ्या शेतात वाघर लावायची. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची सुताची जाळी. काठ्या ठोकून तिचा गोल उभा केला की मेंढरांचा मुक्काम झाला. त्यानंतर धुळाचं काम सुरू व्हायचं. दिवसभर वेगळी ठेवलेली कोकरं पाजायला सोडायची आणि कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं ते बघायचं. अंधार पडत आलेला, धूळ उडालेली, दीडशे तोंडं एकदम ओरडतायत, आणि आठ-नऊ वर्षांचा धुळा त्या गदारोळात उभा राहून सांगायचा, “ह्ये काळ्या कानवालीचं. त्ये बांड्या मेंढीचं.” नुसत्या आवाजावरून. चुकला तर बापाचा हात लागलीच पाठीत बसायचा, त्यामुळे तो फार चुकत नसे.

बापानं लोकर विकून एक ट्रान्झिस्टर आणला होता. त्यात बाजारभाव लागायचे, भजनं लागायची. धुळाला त्यात गोडी नव्हती. काटा हळूहळू सरकवताना दोन केंद्रांच्या मधून मध्येच कुणीतरी परकं बोलून जायचं, त्याची गोडी होती. कोण असेल? कुठून बोलतंय? बाप म्हणायचा, बॅटरी संपंल. धुळा म्हणायचा, आणखी जरा.

पुढं शाळा, आयटीआय, मग सोलापुरात एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियनची नोकरी, सात रस्त्याच्या मागे दोन खोल्या, लग्न, मुलगी. मेंढरं सुटली, काटा सुटला नाही. पण शहरात ऐकायचं कसं? एका बाजूला आपल्याच गावचं केंद्र सगळा पट्टा भरून बोलतंय, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा इन्व्हर्टर घरघरतोय. मग पन्नाशीच्या जरा आधी कामानिमित्त आबा कोकणात गेले. संध्याकाळी रेतीत बसून त्यांनी सहज रेडिओ लावला आणि त्यांचे डोळे विस्फारले. जो पट्टा सोलापुरात नुसता खरखरायचा, तिथं जत्रा भरली होती. अरबी, फारसी आणि नाव-गाव माहीत नसलेल्या भाषा. मीडियम वेव्हच्या लाटेला जमीन मानवत नाही आणि खारं पाणी मानवतं, हे शास्त्र त्यांना नंतर समजलं. ते स्वतः एवढंच सांगतात, “आवाज मातीत मुरतो. पान्यात न्हाई मुरत.”

तेव्हापासून दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आबा रत्नागिरीच्या खाली एका गावात जातात, ओळखीच्या घराच्या पडवीत उतरतात आणि रोज पहाटे-संध्याकाळी समुद्रावर बसतात. पहिल्या वर्षी त्यांनी कुठंतरी वाचलं की लांब तार बांधली की लांबचं ऐकू येतं. मोटर रिवाइंडिंगची तांब्याची तार घेतली, घरातल्या वाघरीच्या जुन्या काठ्या घेतल्या आणि किनाऱ्यावर तार लावली. लावली ती गोल! हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. स्वतः मधोमध मेंढरासारखे बसले, आणि चहूबाजूंनी येऊन सगळं एकमेकांत मिसळायला लागलं. तीन दिवस डोकं धरून बसल्यावर उजेड पडला की इथं कुणाला कोंडायचं नाहीये. मग सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत, सरळ पश्चिमेकडं तोंड करून तीनशे फूट तार ओढली. तेव्हा कुठं पलीकडचा किनारा बोलायला लागला. एका वर्षी दोन पोलीस आले आणि ही तार कसली म्हणून दरडावून विचारू लागले. आबांनी रेडिओ त्यांच्या कानाला लावला आणि म्हणाले, “घाबरताय कशाला? तुमी बी ऐका की.” पोलीस अर्धा तास ऐकत बसले आणि चहा पाजून गेले.

त्यांची नोंद ठेवायची पद्धतही त्यांचीच. त्यांच्या जुन्या रेडिओवर आकडे कसले, नुसती पट्टी आणि काटा. तेव्हा आबा केंद्राचा आकडा लिहीत नाहीत, शेजारी लिहितात. ‘इराणी बाईच्या उजवीकडं, अरबी बातम्यांच्या अलीकडं.’ मेंढी हरवली की तिच्या कडेला रोज कोण बसतं ते आधी बघतात, तसंच हे. मंडळातलं कुणीतरी मग हिशेब करून त्याचा आकडा काढायचं. तेरा वर्षं असंच चाललं आणि एकशे अकरा केंद्रं कुणी तोंडातून ब्र न काढता मान्य केली.

एकशे बारावं गेल्या जानेवारीतलं. सकाळी सातचा सुमार, सूर्य यायच्या बेतात. त्या दोन शेजाऱ्यांच्या मधल्या जागेत, जिथं चौदा वर्षांत काही ऐकू आलं नव्हतं, तिथली खरखर एकाएकी दबली. मग ढोलाचे तीन ठोके. एक पुरुष काहीतरी नाव दोनदा बोलला. मग बायकांचं गाणं, आणि ऊन वर येताच सगळं विरून गेलं. आबांनी जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. मंडळातल्या एका जाणत्यानं वर्णनावरून सांगितलं की आफ्रिकेच्या बाजूच्या एका बेटावरचं हे लहानसं केंद्र दिसतंय, आपल्या देशात ते कुणी ऐकल्याची नोंद नाही. आबा वर्षभर त्या आनंदावर होते. आणि आता ही लाल ओळ.

घरी पोचताच त्यांनी मंडळाच्या चिटणीसाला फोन लावला. सोमेश नावाचा हा तिशीतला तरुण पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. मुलगा वाईट नव्हता. पण मंडळात एकानं घरबसल्या इंटरनेटवर परदेशी केंद्रं ऐकून ती समुद्रावर ऐकली म्हणून खपवली होती आणि पकडला गेला होता. त्यामुळे सोमेशचं तोंड पोळलेलं होतं.

“काका, रागावू नका. यापुढं रेकॉर्डिंगशिवाय नोंद धरायची नाही, असं ठरलंय.”

“हितनं फुडं न्हवं? म्या तर जानेवारीतच ऐकलं.”

“हो, पण ही नोंद साधी नाही. देशात पहिली आहे. उद्या बाहेरच्या लोकांनी विचारलं तर मी काय दाखवू? तुमच्याकडे रेकॉर्डिंग नाही, नेमकी फ्रिक्वेन्सी नाही. तुम्हाला ती भाषा तरी येते का?”

“मला मेंढराची भाषा बी येत न्हाई. पर कोकरू कुणाचं त्ये सांगतो.”

“काका, हे असं चालत नाही.”

“मग कसं चालतंय त्ये दाखवा,” आबांचा आवाज चढला. “जानेवारीत म्या समुद्रावर हाय. तुमचं यंत्र घिऊन या. तीन सकाळी बसू. तुमी यंत्रात बगा, म्या कानानं सांगतो. त्ये केंद्र न्हाई आलं तर माझ्या हातानं नोंद पुसतो. आन् आलं तर नोंद ऱ्हाणार. कबूल?”

“कबूल,” सोमेश म्हणाला.

मुलगी प्रियंका अकलूजच्या शाळेत शिक्षिका. सुट्टीला घरी आलेली होती, तिनं दारातून हे सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “आबा, असं कुणी बोलून बसतं का? ते स्टेशन काय तुमच्या घरचं आहे? तीन दिवसांत नाही लागलं तर?”

“तर पुशीन.”

“त्यापेक्षा आत्ताच सोडून द्या ना. एकशे अकरा आहेत की तुमची. एका ओळीनं काय बिघडतं?”

आबा तिच्याकडं वळले. लेकीला त्यांनी कधी रागं भरलं नव्हतं, त्या दिवशीही भरलं नाही. पण बोलले ते ठासून बोलले. “पिंके, ओळीचं न्हाई बाई. म्या ऐकलं म्हणतोय आन् त्ये म्हणत्यात न्हाई ऐकलं. माझ्या कानात काय वाजलं त्ये पुण्यात बसून ह्येंना कळतंय व्हय? आज ह्ये मागं घेतलं तर माझं मलाच वाटाया लागंल का खरंच ऐकलं न्हाई. मग माझ्यापाशी ऱ्हायलं काय?”

चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, केराबाई भाकरी थापत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या रेडिओला सवत म्हणत आल्या होत्या. भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, “औंदा म्या बी येते. समुद्रावर जाऊन कुणाच्या बायकांची गाणी ऐकताय त्ये बगते तरी.”

तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आबा, केराबाई, काठ्यांचा भारा, तारेचं रिळ आणि रेडिओ असे सगळे एसटीनं कोकणात उतरले. दुसऱ्या दिवशी दुपारी सोमेश गाडी घेऊन आला. त्याच्याकडं लॅपटॉप, त्याला जोडायची रेडिओची एक चपटी डबी आणि उभारायची गोल एरियल असा सरंजाम होता. त्याची एरियल उभी राहीना, म्हणून तो मोबाइलवर व्हिडिओ बघत होता. तेवढ्यात म्हातारा-म्हातारीनं बनापासून पाण्यापर्यंत काठ्या रोवून तार ओढून मोकळी केली. केराबाईंनी जन्मात कधी तार लावली नव्हती. पण काठी कुठं रोवायची, किती कलती ठेवायची, ताण कुठं धरायचा हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. उलट आबांच्या दोन काठ्या त्यांनी उपटून पुन्हा ठोकल्या. “इसारलासा की समदं,” एवढंच म्हणाल्या.

पहिल्या पहाटे तिघं घोंगडं टाकून बसली. सोमेशनं लॅपटॉप उघडला. त्याच्या पडद्यावर सगळा पट्टा एकदम दिसत होता. जिथं केंद्र तिथं उजळ रेघ. आबांनी तारेचे चार वेढे रेडिओला दिले, डोळे मिटले आणि काटा सरकवू लागले.

“ही इराणी बाई. आज घसा बसलाय तिचा.”

सोमेशनं पडद्यावर पाहिलं. बरोबर होतं.

“ह्ये दोगं एकावर एक बसल्यात. वरचा जवळचा हाय, खालचा लांबचा. खालचा आता वर येईल बगा.”

पाच मिनिटांत खालचा वर आला. सोमेशनं कानातले बोळे काढले आणि आबांच्या रेडिओकडं बघितलं. जुना, मागचं झाकण दोऱ्यानं बांधलेला. असल्या डबड्यात हे ऐकू येतंच कसं, असा भाव त्याच्या तोंडावर होता. पण तो भला मुलगा होता, बोलला नाही. त्या सकाळी आबांनी एकवीस केंद्रं सांगितली. त्यातली वीस बरोबर निघाली आणि एकविसावं सोमेशलाच ओळखता येईना.

फक्त त्या दोन शेजाऱ्यांच्या मधली जागा रिकामी होती. सात वाजले, सव्वासात वाजले, ऊन आलं. तिथं नुसती खरखर होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. केराबाई दोन्ही दिवस आबांच्या शेजारी बसून एका कानानं ऐकत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, “ही कुटली वो?” आबांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, “गळा ग्वाड हाय बयेचा.” चाळीस वर्षांच्या सवतीशी समेट झाला तो असा, एका वाक्यात. पण आबांचं तिकडं लक्ष नव्हतं. रेडिओ बंद केल्यावरही ते त्याला कान लावून बसले होते.

सोमेशला ते दिसलं. तो जवळ येऊन बसला आणि मनापासून म्हणाला, “काका, तुमच्या कानाबद्दल माझी खात्री पटली. मी मंडळाला सांगीन. आपण असं करू, नोंद पुसायची नाही. पुढं ‘संशयित’ लिहू. तुमचाही मान राहील, नियमही राहील.”

“संशय कुणाला हाय?”

“म्हणजे… मंडळाला.”

“मग मंडळाच्या नावाफुडं लिवा. माझ्या नावाफुडं कशापायी?”

“काका, मी तुमच्या बाजूनंच बोलतोय.”

“न्हाई. तुमी मधी बसून बोलताय. ऐकलं तर ऐकलं, न्हाई तर न्हाई. अर्धं ऐकलं असं काय असतंय? उद्याची सकाळ बाकी हाय. न्हाई आलं तर पुसतो म्हटलंय, पुशीन. पर असली भीक नगं.”

सोमेश आपली डबी आणि वायरी आवरायला लागला. केराबाईंनी डब्यातली भाकरी-चटणी काढून त्याच्यापुढं ठेवली. आबा मात्र जेवले नाहीत. पाण्याच्या कडेनं लांबवर चालत गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले.

तिसऱ्या सकाळी वारा पडलेला होता. सोमेशनं सगळा पट्टा रेकॉर्ड करायला लावला होता. आज आबांनी इतर केंद्रं बघितलीच नाहीत. काटा सरळ त्या जागेवर नेऊन ठेवला आणि हात काढून घेतला. खरखर, नुसती खरखर. पावणेसात झाले. सात झाले. सुरूच्या बनामागं आभाळ उजळायला लागलं. सोमेश घड्याळ बघायला लागला, मग समुद्राकडं, मग पुन्हा घड्याळाकडं. त्याला वाईट वाटत होतं आणि ते लपवायला तो वायरी नीट करत होता.

“आलं,” आबा म्हणाले.

सोमेशनं कान दिला. खरखरीशिवाय काही नव्हतं. “काय आलं काका?”

“गप.”

“पडद्यावर तर काही…” सोमेश बोलता बोलता थांबला. पडद्यावर त्या जागी एक बारीक रेघ उमटायला लागली होती, केसाएवढी. आबांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी पडदा पाहिला नव्हता.

केराबाई पुढं सरकल्या. खरखर दबत गेली, पार खाली बसली. आणि मग ढोल. एक. दोन. तीन. एका पुरुषानं एक नाव घेतलं, थांबला, पुन्हा तेच घेतलं. आणि समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावर, जिथं अजून उजाडायचं होतं, तिथं बायका गायला लागल्या.

आबांच्या गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. गाणं सात-आठ मिनिटं राहिलं. मग ऊन बनाच्या वर आलं, आवाज पातळ झाला आणि खरखरीनं त्याला पोटात घेतलं.

सोमेश उठून उभा राहिला. मुलासारखा नाचायचा तेवढा बाकी होता. “काका! रेकॉर्ड झालं! सगळं आलंय! देशातली पहिली नोंद, पुराव्यासकट!” त्यानं तिथंच मांडी घालून यादी उघडली. “आत्ताच भरतो. लाल रंग काढला. केंद्राचं नाव. आजची तारीख. ऐकणारे, धुळा मेटकरी आणि सोमेश…”

“तारीख कुटली घातली?”

“आजची. आजच ऐकलं ना आपण.”

“आपुन आज ऐकलं. म्या गेल्या साली ऐकलं. नोंद गेल्या सालची हाय.”

सोमेश हसला. “काका, आता काय फरक पडतो? केंद्र तर यादीत आलं. रेकॉर्डिंग आजचं आहे, म्हणून तारीख आजची. गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग नाहीच ना आपल्याकडं.”

आबा उठले. उंच, सडसडीत माणूस, त्या दिवशी आणखी उंच दिसला असेल. “सोमेशराव, फोनवर काय ठरलं हुतं? आलं तर नोंद ऱ्हाणार. कुटली नोंद? जी तुमी लाल केली ती. आज तर कुणीबी ऐकंल. यंत्रानं बी ऐकलं. यंत्रानं ऐकलं म्हणून तुमी माझं खरं मानताय. म्हंजी तुमी यंत्राचं मानलं, माझं कुटं मानलं?”

“नियम आहे काका. मी एकटा काय करू?”

“बराय. मग नियमानंच करा.” आबांनी बोट लॅपटॉपकडं केलं. “माझी एकशे अकरा केंद्रं हायती न्हवं त्यात? एकाचं तरी रेकॉर्डिंग हाय का? समदी म्या सांगितली आन् तुमी लिवली. गेल्या सालची माझी जबान खोटी, तर त्याच्या आदल्या तेरा सालांची खरी कशी? जबान एकच हाय. पुसा. एकशे अकरा बी पुसा, आजचं बी पुसा. माझं नावच काडा त्या यादीतनं.”

“काका, असं नका करू. तुमच्याशिवाय यादीत राहिलं काय?”

“त्ये मंडळानं बगावं. म्या येत जाईन हितं दरसाल, ऐकत जाईन. मला यादी लागत न्हाई. पर माझ्या नावानं लिवायचं आसंल तर म्या सांगतो तसं लिवायचं.”

एवढं बोलून ते वळले आणि पाण्याकडच्या टोकापासून एकेक काठी उपटायला लागले. सोमेशनं केराबाईंकडं आशेनं पाहिलं. बायकोनं नवऱ्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात, अशी त्याची अपेक्षा असावी. माणूस चुकीच्या दारात गेला होता.

“माझ्याकडं काय बगता?” केराबाई घोंगडं झटकत म्हणाल्या. “आयुष्यात लई चुकलाय ह्यो माणूस. सासऱ्याच्या मयताला उशिरा पोचला, लेकीच्या लग्नात बूट हरवून आला. पर कोकरू दुसऱ्या मेंढीखाली घातल्यालं म्या कदी बगितलं न्हाई.”

त्याही काठ्या उपटायला बनाच्या टोकाला गेल्या.

सोमेश एकटाच रेतीत बसून राहिला. लॅपटॉपवर त्याच्या स्वतःच्या नावापुढची केंद्रं होती. पहिली तीस-चाळीस त्यानं शाळेत असताना आजोबांच्या रेडिओवर ऐकलेली. त्यातल्या एकाचंही रेकॉर्डिंग नव्हतं. त्यांना लाल करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्याच्याही नाही. ते आता आलं.

दोन्ही टोकांकडून काठ्या कमी होत होत म्हातारा-म्हातारी मधोमध आली. आबा तार गुंडाळत होते, केराबाई भारा बांधत होत्या. सोमेशनं मान खाली घालून टाइप केलं. आजची तारीख काढली. गेल्या जानेवारीची घातली. आपलं नाव पुसलं, नुसतं धुळा मेटकरी ठेवलं. एका रकान्यापाशी येऊन मात्र तो अडला.

“काका,” त्यानं तिथूनच हाक मारली, “पुराव्याच्या जागी काय लिहू?”

आबांनी तार गुंडाळायची थांबवली नाही.

“लिवा की,” ते म्हणाले, “धुळानं ऐकलंय म्हणून.”